राख खात्यातला माणूस

राखेतलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या नागपूर जिल्ह्यात कुणाला कळत असेल तर त्याने समोर यावं! उगाच फुशारकी मारत नाही. कोराडीच्या वीज केंद्रात मी राख खात्यात आहे. लोकांचे नवरे बँकेत असतात, तहसिलीत असतात. आमच्या स्टेलाचा नवरा राखेत असतो. कोळसा जळतो, वीज लोकांच्या घरी जाते आणि राख माझ्या वाट्याला येते. ओली राख, कोरडी राख, जाड राख, मैद्यासारखी राख, नुसती चिमटीत धरली की मी तिची जात सांगतो. संध्याकाळी घरी आलो की स्टेला मला आधी अंगणात झटकते आणि मगच आत घेते.

त्यामुळे यंदा एका रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, संपल्यावर फादर इग्नेशियस यांनी विचारलं, "या वर्षी राख कोण करणार?" तेव्हा अख्ख्या चर्चमध्ये पहिला हात माझा वर गेला, यात नवल ते काय?

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आधी आम्हा कॅथलिक लोकांचा उपवासकाळ असतो आणि तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेने क्रूस काढतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीलाच परत मिळशील. मोठा गंभीर दिवस! पण ती राख कुठलीही चालत नाही. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी जी पानं आशीर्वाद देऊन वाटतात, ती लोक घरी वर्षभर जपतात. ती परत आणायची, जाळायची आणि त्यांचीच राख करायची. आता कोराडीत कुठली आली नारळाची झावळी? नाल्याकाठी शिंदीची झाडं आहेत, तीच आमची झावळी.

"फादर," मी जागेवरूनच म्हटलं, "किती पाहिजे तेवढं सांगा. ट्रक लावू का?"

"बेनेडिक्ट, एक वाटी पाहिजे," फादर म्हणाले. "आणि कोळशाची नको."

फादर मूळचे केरळचे. पण मराठीत नेमकं कुठे टोचायचं हे त्यांना आमच्याहून चांगलं कळतं. सगळं चर्च हसलं. मीही हसलो. एक वाटी! एक वाटी राख तर माझा बूट उलटा केला तरी पडते!

मी लगेच जाहीर केलं, "माझ्या व्हरांड्यात टोपली ठेवतो. येता-जाता आपापली जुनी पानं त्यात टाका. बाकी माझ्यावर सोडा!"

सोमवार आला तरी टोपलीचा तळ दिसत होता. मला एक वाईट खोड आहे, एखाद्या गोष्टीचं कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. एवढी पानं वाटली होती, ती गेली कुठे? मग काय, ड्यूटी संपल्यावर स्कूटर काढली आणि घरोघर चौकशीला निघालो.

काय सांगू तुम्हाला, माणसाच्या श्रद्धेचे किती प्रकार असतात ते मला त्या दिवशी कळलं! एका घरी पानाचा क्रूस तांदळाच्या डब्यात होता. "कीड लागत नाही जी," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, आता द्या. तर म्हणाल्या, "मंग तांदळाचं काय?" दुसऱ्या घरी तो मोटारसायकलच्या हँडलला बांधलेला, अर्धा वाऱ्याने उडालेला. तिसऱ्या घरी तो बायबलमध्ये खूण म्हणून ठेवला होता आणि काढला तर कुठपर्यंत वाचलं ते कळणार नाही, अशी अडचण होती. पान पहिल्याच पानावर होतं! आरोग्यमेरी अक्कांवर माझी मोठी भिस्त होती. अक्कांचे वडील तामिळनाडूतून रेल्वेच्या नोकरीला इकडे आले ते इथलेच झाले. अक्का शिंदीच्या पानाचे मोर विणतात, कमळं विणतात, पंखे विणतात. झावळ्यांच्या रविवारी आमच्या हातात साधं पान असतं आणि अक्कांच्या हातात अख्खं प्रदर्शन!

"देतो नं भाऊ," अक्का म्हणाल्या. "कुठंतरी ठेवलं हाय. शोधून आणून टाकतो टोपलीत."

जमलेलं जाळून पाहिलं तर राख निघाली चमचाभर. स्टेलाने चमचा बघितला, मग माझ्या डोक्याकडे बघितलं.

"एवढ्यात तुमचंच कपाळ होईल," ती म्हणाली, "तेबी अर्धं."

माझं कपाळ अलीकडे मागच्या बाजूला बरंच पुढे गेलं आहे, हे खरं आहे. पण म्हणून असं बोलायचं?

मी अंगणात हताश उभा होतो तेव्हा भिंतीपलीकडून चंपतरावांनी आवाज दिला. चंपतराव माझे शेजारी, माझ्याच वीज केंद्रात नोकरीला. मूळ गाव रामटेककडचं, धानाची शेती अजून आहे. त्यांच्या मुलाचं, जितेंद्रचं, लग्न त्याच बुधवारी संध्याकाळी होतं. अंगणात मांडव पडला होता आणि मांडवात बाजेवर त्यांच्या आई जिजाबाई बसल्या होत्या. नव्वदीच्या आसपासच्या, एवढ्याशा, पण येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडत नव्हत्या.

"काय शोधून राहिले बेनीभाऊ?" चंपतरावांनी विचारलं.

"शिंदीची वाळली पानं."

"कायले?"

"जाळाले."

बाजेवरून आवाज आला, "पुजलेलं पान जाळता? काहून गा?"

मी भिंतीपाशी गेलो आणि आजींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं.

"आमच्याइकडं पुजलेलं नदीत सोडते," त्या म्हणाल्या. "जाळत नाही. पण तुमचा देव, तुमचं पाहा."

मंगळवार उजाडला. दुपारी मी लवकर सुटून घरी आलो. स्टेला चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेलेली. शेजारी कुलूप, आजींसकट सगळं वऱ्हाड देवीच्या दर्शनाला गेलेलं. व्हरांड्यात पाय ठेवला आणि बघतो तर काय, टोपली भरलेली!

ओलसर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं सोडलं आणि मी खालीच बसलो. शिंदीच्या पानाचं इतकं नाजूक विणकाम मी जन्मात पाहिलं नव्हतं! नक्षीच्या पट्ट्या, त्यातून सुटलेल्या झालरी, झालरींना लाल लोकरीचे गोंडे, मध्ये चमचमता बेगड. असे दोन नग होते. एक मोठा, एक लहान. एक नवऱ्याचं, एक बायकोचं, असं मी मनाशी म्हटलं. तेवढं मात्र माझं बरोबर निघालं.

"वा, अक्का!" मी मोठ्याने म्हणालो. कोराडीत एवढं विणणारं दुसरं होतं कोण?

पान जरा हिरवट होतं. वर्षभराचं पान हिरवं कसं, असा प्रश्न मला पडला. मी तुम्हाला सांगितलंच, मला कारण लागतं. मग मी विचार केला आणि कारण सापडलं. अक्कांनी ते फ्रिजमध्ये ठेवलं असणार! माझं समाधान झालं. मी गोंडे आणि बेगड सोडवून खिडकीत नीट ठेवले, घमेलं घेतलं, थोडं रॉकेल शिंपडलं आणि काडी लावली.

हिरव्या पानाचा धूर फार! पण राख काय उतरली! स्टेलाच्या चहाच्या गाळणीतून दोनदा चाळली. काळीभोर, मऊ, बोटाला चिकटणारी. वाटी काठोकाठ भरली. मी ती तशीच चर्चमध्ये नेऊन दिली. फादरांनी चिमूट उचलून बघितली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बेनेडिक्ट, इतकी छान राख इथे कधीच झाली नाही!"

"राख खातं, फादर," मी म्हणालो आणि नम्रपणे खाली बघितलं.

संध्याकाळी शेजारी हळद होती. डीजेने खिडक्या थरथरत होत्या. मी न्हाणीघरात अंगाची राख धूत होतो तेव्हा स्टेलाने बाहेरून ओरडून विचारलं, "टोपलीतलं तुम्ही आत घेतलं का हो?"

"सगळं उरकलं!" मी आतून ओरडलो. "मस्त झालं!"

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली. आमचं संभाषण हे असंच चालतं आणि एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

बुधवारी सकाळची मिस्सा. चर्च गच्च भरलेलं, बायका पांढऱ्या साड्यांत. फादरांनी वाटीवर आशीर्वादाची प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं. लोक रांगेने पुढे जाऊ लागले. मी रांगेत, माझ्या पुढे आरोग्यमेरी अक्का. राखेच्या दिवशी रांगेत बोलू नये. पण केलेल्या उपकाराचं कौतुक तरी कधी करायचं?

"अक्का," मी पुटपुटलो, "तुमच्यामुळे अब्रू वाचली बरं! काय विणलं होतं!"

अक्का वळल्या. "कोणतं? मी तं अजून देल्लंच नाही भाऊ! विसरलो. हे पाहा, पर्समध्येच हाय." आणि त्यांनी पर्समधून वाळून पिवळा पडलेला एक मोर काढून दाखवला.

रांग एक पाऊल पुढे सरकली.

मग ते कुणाचं? मला कारण लागतं, माहीत आहे तुम्हाला. हिरवं पान. लाल गोंडे. बेगड. दोन नग, एक मोठा, एक लहान. नवऱ्याचं आणि बायकोचं. रांग आणखी पुढे सरकली. शेजारी लग्न. मी आजवर पाहिलेली बाशिंगं सगळी बाजारातली, मोत्यांची. पण मांडवाच्या दारात त्या जिजाबाई दोन दिवसांपासून येणाऱ्या प्रत्येकाला काय सांगत होत्या? "शिंदीच्या बाशिंगाबिगर आमच्या घरचं पोट्टं बोहल्यावर चढत नाही!" मी ते भिंतीपलीकडून दहादा ऐकलं होतं आणि दहाही वेळा पेपर वाचत होतो!

अक्कांच्या कपाळावर बोट फिरलं, त्या बाजूला झाल्या आणि फादर माझ्यासमोर होते.

"तू माती आहेस," फादरांनी अंगठा टेकवला, "आणि मातीलाच परत मिळशील."

"आजच, फादर," मी म्हणालो.

मिस्सा संपताच स्टेलाने गाठलं. "ते बाशिंग कुठं ठेवलं तुम्ही? चंपतरावनं काल सांगतलं होतं, कारागीर देवाजी आला, तर त्याइच्या घराले कुलूप. आपल्या टोपलीत शिंदीच्या पानाचा चुरा पाहून तिथंच ठेवून गेला बिचारा. त्याले वाटलं, यायच्या घरी बी हेच काम चालते!"

मी फक्त कपाळाकडे बोट दाखवलं. स्टेलाने माझ्या कपाळाकडे बघितलं. मग स्वतःच्या कपाळाला हात लावला. मग आजूबाजूला बघितलं. सगळं चर्च जितेंद्रचं बाशिंग लावून एकमेकांना नमस्कार करत होतं!

"अवं माय!" ती एवढंच म्हणाली.

आम्ही फादरांना गाठलं. मला दोन प्रश्न होते. पहिला, लोकांच्या कपाळावरची राख खरी की खोटी? ते पान तर कुणी चर्चमध्ये आशीर्वादाला आणलं नव्हतं!

"राखेला मी आज आशीर्वाद दिला आहे," फादर म्हणाले. त्यांचे ओठ विचित्र हलत होते, ते हसू दाबत होते की काय कळेना. "लोकांचं काही चुकलं नाही. दुसरा प्रश्न?"

"दुसरा तुम्हाला ठाऊकच आहे, फादर."

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बाजेवर बसलं आहे. जाऊन सांग."

सांगणं सोपं होतं काय? देवाजीला फोन केला. तो खाप्याकडे दुसऱ्या लग्नाला गेलेला आणि फोन बंद. नागपूरच्या इतवारी बाजारातून मोत्यांचं आणू, असं मी सुचवलं तर स्टेला म्हणाली, "अन् बुढी उठून गावाले चालली गेली तर?" तेही खरंच. नातवाच्या लग्नात आजी नाही, नवरदेव उघड्या कपाळाचा आणि कारण कोण? राख खातं! चंपतरावांशी भिंत एक, नोकरी एक, बस एक. त्यांना आयुष्यभर तोंड कसं दाखवणार?

तेवढ्यात मला अक्का दिसल्या आणि मी त्यांना सगळं सांगितलं. अक्कांनी पदर खोचला. चर्चच्या महिला मंडळाच्या बायका गोळा केल्या. नाल्यावरून शिंदीची ताजी पानं आली. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सतरंजी पडली आणि सगळ्या पानं चिरायला बसल्या.

"हं, आता नमुना दाखवा," अक्का म्हणाल्या.

"नमुना?" मी म्हटलं. "नमुना तुमच्या कपाळावर आहे, अक्का."

सगळ्यांचे हात थांबले. मोर विणता येतो, कमळ विणता येतं, क्रूस तर झोपेत विणता येतो. पण बाशिंग कुणी जवळून पाहिलं होतं? मी सांगायचा प्रयत्न केला, "पट्टी अशी, झालर तशी," तर अक्कांनी माझ्या वर्णनावरून जे विणलं ते थेट वर्तुळाकार झालं आणि माठाखाली ठेवायची चुंबळ म्हणून चाललं असतं. दुपार होत आली होती. गोरज मुहूर्त कुणासाठी थांबणार नव्हता. कोराडीत बाशिंग कसं असतं हे सांगू शकणारं एकच माणूस होतं.

मी स्कूटर काढली, वाटेत घरच्या खिडकीतले गोंडे खिशात टाकले.

"आजी," मी मांडवात जाऊन म्हटलं, "बाशिंग पाहायला चर्चमध्ये चलता का?"

"मी कायले? आणून दे नं इकडं."

"ते... जरा मोठं आहे."

जिजाबाई नऊवारी सावरत स्कूटरवर मागे बसल्या. वाटभर त्यांचे प्रश्न सुरू. बाशिंग तुह्या घरी होतं तर चर्चमध्ये कसं गेलं? देवाजीनं गोंडे लाल लावले का हिरवे? अन् तुह्या कपाळाले हे काय लागलं गा, गॅरेजमध्ये गेलता का? मी प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत राहिलो.

हॉलच्या दारात त्या थबकल्या. सतरंजीवर हिरव्या पानांचा ढीग, भोवती बायका आणि प्रत्येकीच्या कपाळावर काळी फुली.

"काहून वं," त्यांनी विचारलं, "साऱ्या जणींच्या कपाळाले एकच काजळी?"

फादर कोपऱ्यात उभे राहून छताचा पंखा बघत होते. शेवटी मी खिशातून लाल गोंडे काढले आणि आजींच्या पुढे धरले.

"आजी, मी ते जुनी झावळी समजून जाळलं. राख केली. ती सकाळी सगळ्यांच्या कपाळाला लागली. माझं चुकलं."

आजींनी गोंडे हातात घेतले, उलटेसुलटे केले. मला वाटलं, आता काठी येणार. खरं सांगतो, आली असती तर बरं वाटलं असतं.

"दोन्ही जाळले?"

"दोन्ही."

"पुरे?"

"पुरे. चाळून."

"अन् ती राख तुम्ही साऱ्यायनं कपाळाले लावली? देवापुढं?"

"हो."

त्या अक्कांजवळ गेल्या. वाकून त्यांच्या कपाळावरच्या काळ्या क्रुसाला बोट लावलं आणि ते बोट उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"बाशिंग कपाळालेच लागते बाप्पा," त्या म्हणाल्या. "माह्या नातवाचं जरा जास्तच कपाळाले लागलं." आणि सतरंजीवर फतकल मारून बसल्या. "पान इकडं आणा वं. अन् तू, तू दूर बस. आगपेटी असंल तं आधी बाहेर ठेव!"

मग काय, हॉलमध्ये जत्रा! आजींच्या बोटांना आता बारीक वीण जमत नव्हती, पण जिभेला जमत होती. "अशी नाही वं, दुमडून घे. आता खालून काढ. तुले कोणं शिकवलं, हात चांगला हाय!" अक्का खूश. मला कुणी काही करू देईना. पान उचललं तरी चार जणी ओरडायच्या. शेवटी मी घरी गेलो. टेन्शन आलं की मला भूक लागते. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, सगळं पोटभर जेवलो. त्या दिवशी उपवास असतो आणि पोटभर असं एकदाच जेवायची मुभा असते. ती मी वापरून टाकली.

परत आलो तर दोन बाशिंगं तयार! देवाजीच्या तोडीची नव्हती, पण झालर होती, गोंडे होते, डौल होता. फक्त प्रत्येक झालरीच्या टोकाला एक छोटासा, सुबक क्रूस लोंबत होता.

"हे काय?" आजींनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "आजी, सवयीनं झालं," अक्का म्हणाल्या. "शिंदीचं पान हातात आलं की टोकाले हात असाच वळते. सोडवू का?"

आजींनी एक क्रूस बोटावर झुलवून बघितला. "सोडवाले बसले तर पोट्टं कुवारं राहील. राहू द्या." मग त्या उठल्या आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "ज्याच्या-ज्याच्या कपाळाले माह्या नातवाचं बाशिंग लागलं, तो माह्याकडचा वऱ्हाडी. संध्याकाळी साऱ्यायनं जेवाले याचं. बाप्पा, तुम्ही बी!" हे शेवटचं फादरांना.

चंपतरावांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग आईकडे. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि आचाऱ्याला फोन केला, "भात वाढवा गा. चर्च येऊन राहिलं."

लग्न वेळेवर लागलं! जितेंद्रच्या डोळ्यांपुढे क्रूस डुलत होते, नवरी वैभवीच्याही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच मुलीकडच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. वैभवीचे मामा मनोहरराव फेटा सावरत आले.

"हे काय चालू हाय? तुमच्याकडच्या पाहुण्यायले कपाळाले मानाचं गंध लावलं अन् आमच्याकडच्या एकाले बी नाही? आमचा काही मान हाय का नाही?"

चंपतरावांनी माझ्याकडे बघितलं. मी फादरांकडे बघितलं. फादर पुन्हा छताला पंखा शोधू लागले, पण तिथे मांडव होता. मामा काही ऐकेनात. हे गंध लागल्याशिवाय आमचा एक माणूस पंगतीला बसणार नाही म्हणाले!

जिजाबाई काठी टेकत आल्या. "लावू नं मामा, काहून नाही? त्याले नवरीचं बाशिंग जाळा लागते फक्त. या बेनीभाऊले सांगा, तो आत्ता जाळून देते. हाय का आगपेटी गा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता कोण जाणे, पण ते मुकाट्याने पंगतीला जाऊन बसले.

पंगत काय वर्णावी! पुऱ्या, भरली वांगी, वडे, मसालेभात, बुंदी, मठ्ठा! आमचं अख्खं चर्च दिवसभर उपाशी होतं. सगळ्यांनी आपलं ते एक जेवण संध्याकाळसाठी राखून ठेवलेलं. अक्का जेवत होत्या, स्टेला जेवत होती, फादर तिसऱ्यांदा भात घेत होते आणि मी कोऱ्या पत्रावळीसमोर बसलो होतो.

"तू काहून जेवत नाही गा?" जिजाबाई माझ्यासमोर थांबल्या. "आमचं बाशिंग जाळलं अन् वरून तूच रुसला?"

"माझं दुपारीच झालं, आजी."

"आज तर तुमचं एकडावच असते म्हणे. बाप्पानं सांगतलं." त्यांनी माझ्या पत्रावळीकडे बघितलं, मान हलवली आणि माझ्या वाटची बुंदीही फादरांना वाढली.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. पण रविवारी, मिस्सेहून घरी आलो तर व्हरांड्यात जिजाबाई! गावी निघाल्या होत्या, ऑटो दारात उभा होता. हातात ओलसर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. ते फडकं बघूनच मी एक पाऊल मागे सरकलो.

"हे घे," त्या म्हणाल्या. "लगन झाल्यावर बाशिंग आमी नदीत सोडतो. कन्हानपर्यंत नेलंबी होतं. पण याले तुमचे क्रूस लटकून हायेत. पाण्यात सोडलं तर तुमच्या देवाले काय वाटंल? अन् घरी ठेवलं तर माह्या देवाले काय वाटंल? मी लई इचार केला गा. मंग याद आली, तुमच्यात असं काही असलं की जाळतात. अन् तू तर जाळणारा माणूस हायेस."

मी दोन्ही हातांनी ते घेतलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

"पुढच्या साली जाळजो," ऑटोत बसता बसता त्या म्हणाल्या. "पण या खेपेस मले इचारून!"

ती दोन्ही बाशिंगं आता आमच्या बैठकीत, मोठ्या क्रुसाच्या मागे खोचलेली आहेत. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? मी सगळी गोष्ट सांगतो, फक्त जाळणारा कोण होता ते तेवढं मोघम ठेवतो. स्टेलाने व्हरांड्यातली टोपली माळ्यावर टाकली आहे आणि आगपेटी ती स्वतःजवळ ठेवते. आणि हल्ली कुणी नवीन भेटलं आणि विचारलं, बेनीभाऊ, कोणत्या खात्यात? तर मी म्हणतो, वीज केंद्रात. खातं विचारलंच, तर खोकला येतो.